इम्प्रेशनखालची सही

पत्र:

"मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात एमडी रेडिओडायग्नोसिसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थिसिस जमा झाला, परीक्षा अडीच महिन्यांवर आली. परवा मॉक व्हायवाला (सरावाच्या तोंडी परीक्षेला) सरांनी छातीचा एक्स-रे लावला. मी चार मिनिटं व्यवस्थित वर्णन केलं. सर म्हणाले, 'वर्णन उत्तम. पेशंटला झालंय काय?' मला शब्द फुटेना. तेव्हापासून कुठलीही फिल्म समोर आली की डोकं कोरं होतं. बाकीच्यांचं दुसरं रिव्हिजन चालू आहे, माझं पहिलंच रेंगाळलंय. डीआरपीला, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून, जिल्हा रुग्णालयात होते तेव्हा रात्री अडीचला एकटीने रप्चर्ड एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहून फुटलेली गर्भधारणा) पकडली होती, पण ते वेगळं. घरी सासऱ्यांनी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी सेंटरसाठी गाळा बघून ठेवलाय, निकाल लागला की लगेच सुरू करायचं म्हणतात. मला वाटतं, मी तयारच नाही. त्यात एआयमुळे रेडिओलॉजीच संपणार असं जो तो सांगतोय. काय करू? (मला अगं-तुगंच करा.)
– थर्ड इयर"

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रात मी एका जागी अडले. "पण ते वेगळं." काय वेगळं होतं ते आधी बघू. गाळा कुठे पळून जात नाही.

जिल्हा रुग्णालयातल्या त्या सोनोग्राफीच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. एसी मशीनसाठी असतो, माणसांसाठी नव्हे, आणि दाराबाहेर बाकड्यावर नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन बसलेले. तुझ्यासमोर पांढरीफटक पडलेली बाई, यूपीटी (प्रेग्नन्सी टेस्ट) पॉझिटिव्ह. तू प्रोब ठेवलास, गर्भाशय रिकामं निघालं, वर लिव्हरजवळ सरकवलास तर मॉरिसन्स पाउचमध्येही (लिव्हर आणि किडनीमधल्या फटीत) रक्त. मग गायनॅकच्या डॉक्टरांना फोन करून तू काय सांगितलंस? "मिश्र इकोजेनिसिटीचं कलेक्शन दिसत आहे, क्लिनिकली कोरिलेट करावं" असं नक्कीच नाही. "एक्टोपिक फुटलीय, पोटात रक्त आहे, लगेच घ्या" असंच काहीतरी म्हणाली असशील. फोनवर अर्ध्या मिनिटात निदान सांगणारी मुलगी ती तूच. तेव्हा निदान करता येत नाही, ही तुझी तक्रार मी मान्य करत नाही. टाय लावलेला माणूस समोर बसला की ते घशातून बाहेर येत नाही, एवढाच दोष आहे आणि त्याला कारण आहे.

तीन वर्षं तू रिपोर्ट लिहितेस आणि खाली सही दुसऱ्या कुणाची तरी असते. शिकणाऱ्याचा रिपोर्ट तपासला गेलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा एक परिणाम असा होतो की आपण वर्णन करायला शिकतो आणि निर्णय वरच्याकडे ढकलायला शिकतो. सरांना जे आवडत नाही ते लिहायचं नाही, जे चुकू शकतं ते "नाकारता येत नाही" म्हणून शेवटच्या ओळीत टाकायचं. मी असेही रिपोर्ट वाचले आहेत ज्यात फाइंडिंग्ज (काय दिसलं ते) आठ ओळींचे आणि इम्प्रेशन (निष्कर्ष) दहा ओळींचं! सर्जन बिचारा वाचून फोन करतो, "मॅडम, पोट उघडू की नको?" जिल्हा रुग्णालयात तुझ्यावर कुणी नव्हतं, म्हणून तू निर्णय घेतलास. कॉलेजात परत आलीस आणि जुनी सवयही परत आली.

त्यावर मी एक सांगते, ते आज रात्रीपासून सुरू कर. साधी दोनशे पानी वही घे. ड्राफ्ट सिस्टीमवर टाकण्याआधी प्रत्येक केसचं एका ओळीत निदान या वहीत लिहायचं. पेशंटचं नाव नको, तुझं तुला कळेल एवढा नंबर पुरे. "कदाचित" लिहायचं नाही. हवं तर शेजारी किती खात्री आहे ते दहापैकी मांड. मग आठवड्यातून एकदा वही घेऊन सर्जरीच्या वॉर्डात आणि पॅथॉलॉजीत जायचं, पोटात काय निघालं, बायप्सीत काय आलं, ते लाल पेनाने समोर लिहायचं. पहिल्या दोन आठवड्यांत लाल शाई बघून रडू येईल. मला आलं होतं. पण महिन्याभरात तुला स्वतःबद्दल असं काही कळेल जे कुठल्याही पुस्तकात नाही. आतड्याच्या टीबीत तू बहुतेक बरोबर असतेस, पण स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी गडबडतेस, असं काहीतरी. दहापैकी नऊ लिहिलेली केस चुकली की तो धडा जन्मभर पुरतो, आणि दहापैकी चार लिहिलेली बरोबर निघाली की उगाच घाबरत होतो हेही समजतं. व्हायवाला लागणारा आवाज यातूनच येतो. आरशासमोर उभं राहून बोलण्याच्या सरावाने तो येत नाही, मी तेही करून पाहिलंय.

चुकण्याबद्दल थोडं. आपल्या विषयात चुका होतात हे बाहेरच्यांपेक्षा आपणच आधी मोजलंय. हेन्री गारलंड नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिओलॉजिस्ट. त्यांनी १९४९ मध्ये छातीच्या एक्स-रेबद्दल लिहिलं, की अनुभवी लोकांच्या नजरेतूनसुद्धा दोष असलेल्या फिल्मपैकी जवळपास तीस टक्के निसटतात. तेव्हा त्यांचं सहकाऱ्यांमध्ये फार कौतुक झालं नसेल. मग २०१३ चा तो प्रयोग, तू ऐकला असशीलच. फुप्फुसातल्या गाठी शोधायला दिलेल्या सीटीत एका गोरिलाचं चित्र चिकटवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना तो दिसला नाही. नजर त्यावरून गेली होती, तरी दिसला नाही.

माझा गोरिला म्हणजे एक बरगडी. मी तेव्हा रेसिडेंटच होते. एका आजोबांच्या छातीत डावीकडे पाणी होतं, छान वर चढलेली कडा, मी खूश. रिपोर्ट लिहिला, पुढची फिल्म लावली. पाचवी बरगडी मागच्या बाजूला खाल्लेली होती ती छातीच्या डॉक्टरांनी तीन दिवसांनी दाखवली. शिकवताना आम्ही याला सर्चचं समाधान म्हणतो. एक गोष्ट सापडली की डोळे संप पुकारतात. ती फिल्म मला अजून आठवते. आजोबांचा चेहरा मात्र आठवत नाही, याची जरा लाज वाटते.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. तुझी चूक माझ्या उलटी आहे. मी एक सापडल्यावर शोधणं थांबवलं, तू सगळं सापडूनही शोधतच राहतेस, कारण शोध चालू असेपर्यंत निर्णय द्यावा लागत नाही. चार मिनिटांचं वर्णन म्हणजे मोठ्याने केलेला शोध. तो डोळ्यांनी करायचा असतो, तोंड बंद ठेवून.

व्हायवाला फिल्म लागली की पहिले दहा सेकंद गप्प राहा. परीक्षकाला ते चालतं. फिल्म लागायच्या आत "धिस इज अ चेस्ट रेडिओग्राफ, पीए व्ह्यू" म्हणणारी पोरं सकाळपासून ऐकून एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) कंटाळलेले असतात. त्या दहा सेकंदांत डोळ्यांनी तुझी फेरी पूर्ण कर: दोन्ही एपेक्स, हृदयाच्या मागे, डायफ्रॅमच्या खाली, हायलम, बरगड्या, खांदे. मग पहिल्या वाक्यात थेट मुद्द्यावर यायचं. समज, उजव्या वरच्या लोबमध्ये पोकळी आहे, आत गोळा आहे आणि गोळ्यावर हवेची चंद्रकोर. तू म्हणशील: "उजव्या अपर लोबमध्ये कॅव्हिटी, आत सॉफ्ट टिश्यू गोळा, वर एअर क्रेसेंट. आजूबाजूला फायब्रोसिस, श्वासनलिका उजवीकडे ओढलेली. जुन्या टीबीच्या कॅव्हिटीत ॲस्परजिलोमा, म्हणजे बुरशीचा गोळा. पेशंटची पोझिशन बदलून गोळा सरकतो का बघेन." वीस सेकंद झाले. अर्थात तिथे तू इंग्रजीत बोलशील. पण विचार आधी असा मराठीत करून बघ, घसरायला जागा कमी मिळते.

डीडी (शक्य असलेल्या निदानांची यादी) विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत. विचारले तर तीनच: सगळ्यात शक्य, त्याखालोखालचं, आणि चुकलं तर महागात पडेल ते. वरच्या उदाहरणात हायडाटिड (परजीवीची गाठ) आणि पोकळी झालेला कॅन्सर. दहा नावं घेतली की परीक्षकाला एवढंच कळतं की यादी पाठ आहे.

ते "शुअर?" विचारतील. हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात, बरोबर उत्तर देणाऱ्यांना जरा जास्तच. फिल्ममध्ये नवं काही दिसलं तरच उत्तर बदल, त्यांच्या भुवया बघून बदलू नकोस. आणि खरंच येत नसेल तर "सर, मला निदान सांगता येत नाही, पण ही गाठ हाडातून निघाली आहे, आक्रमक दिसते, मी एमआर (एमआरआय) करून बायप्सीचा मार्ग ऑन्कोसर्जनला विचारून ठरवेन" एवढं सांग. हे उत्तर नापासाचं नाही. ज्याला निदान येत नाही पण पुढे काय करायचं ते येतं, त्याच्या हातात पेशंट सुरक्षित असतो, आणि शेवटी एक्स्टर्नलला तेवढंच ठरवायचं असतं.

एका ठिकाणी मात्र विचार करायला दहा सेकंदही नाहीत. कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठीचं औषध) दिल्यावर पेशंटला ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, झाला तर? मोठ्या माणसाला ॲड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. हायड्रोकॉर्टिसोनपासून सुरुवात करणारे दरवर्षी भेटतात आणि तिथेच अडकतात. झोपेतून उठवून विचारलं तरी हे आलं पाहिजे, आणि परीक्षेपेक्षा सीटीच्या खोलीत जास्त आलं पाहिजे.

टेबलवरच्या वस्तूंची भीती घेऊ नकोस. कॅथेटर दिला तर हातात घे, टोक बघ, कशासाठी ते सांग, मग माप. फ्रेंच म्हणजे बाहेरचा व्यास, तीन फ्रेंचचा एक मिलिमीटर. गाइड वायर इंचात, ०.०३५ वगैरे. सुईच्या गेजचा आकडा वाढला की सुई बारीक. इथे लोक पाठांतर करतात आणि वस्तू उलटी धरतात. फिजिक्सलाही तेच. लार्मर फ्रीक्वेन्सीचा (एमआरच्या चुंबकात अणुकेंद्रं ज्या वेगाने भिरभिरतात त्याचा) आकडा, हायड्रोजनला एका टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ, सगळ्यांना येतो. "मग तुमच्या दीड टेस्लाच्या मशीनला किती?" म्हटलं की शांतता. सुमारे ६४. दाराबाहेरच्या एमआरवर दीड टेस्ला लिहिलेलं तू रोज वाचतेस, फक्त गुणाकार कधी केला नाहीस. आणि हो, टीएलडी बॅज (रेडिएशनचा डोस मोजणारा) घालून जा. तो कपाटात टांगलेला असताना डोस लिमिट सांगणं जरा विनोदी दिसतं. (पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बॅज लेड ॲप्रनच्या आत, छातीवर.)

लाँग केसला (सविस्तर तपासायच्या पेशंटला) सोनोग्राफी आली तर पेशंट सकाळपासून उपाशी आहे आणि तुझ्याआधी तीन-चार जणांनी त्याच्या पोटावर जेली फासली आहे, हे लक्षात ठेव. नाव विचार, काय करणार ते सांग, बाईमाणूस असेल तर नीट पांघरूण घाल, झाल्यावर जेली पुसायला कागद तू स्वतः दे. परीक्षक बघत असतात, पण त्यासाठी करू नकोस. शिवाय असा पेशंट बोलता होतो. माझ्या परीक्षेत एक मावशी प्रोब उजव्या किडनीवर येताच म्हणाल्या, "इथंच बघा ताई, मघाच्या डॉक्टरनं इथंच लई येळ लावला." याला कॉपी म्हणायचं की हिस्टरी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

रिव्हिजनचं म्हणशील तर दुसऱ्यांचं कितवं चालू आहे याचा हिशेब ठेवू नकोस. हॉस्टेलवर "माझं झालं" म्हणणाऱ्यांचं काय झालेलं असतं ते मला माहीत आहे. थिअरीचे शंभर-शंभर मार्कांचे चार पेपर आहेत. रोज एक प्रश्न घड्याळ लावून हाताने लिहून काढ, आकृतीसकट, कारण तीन वर्षं टाइप करून तुमचे हात बसलेत. बाकी वेळ जाड पुस्तकांना कमी आणि फिल्मना जास्त दे. सीटी-एमआरच्या नादात प्लेन फिल्म कुणी बघत नाही आणि तीच परीक्षेत भोवते. कॅज्युअल्टीचे कालचे एक्स-रे काढ, दोघी-तिघी बसा, मोबाइलवर एका मिनिटाचा गजर लावा आणि आळीपाळीने स्पॉटर (बघताक्षणी ओळखायच्या फिल्म) घ्या. उत्तर एका ओळीत. चुकलेल्याने चहा पाजायचा. आमच्या वेळी यात एकीचा अर्धा स्टायपेंड गेला होता, आणि तिला स्पॉटरमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त मार्क पडले.

आता गाळा.

सासऱ्यांना वाईट बोलणार नाही. सुनेच्या नावाची पाटी गावात लागावी असं वाटणं चांगलंच. पण त्यांना शांतपणे समजावून सांग, की हे किराणा दुकान नव्हे. आपलं राज्य गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं, १९८८ मध्ये. केंद्राचा तसाच कायदा, पीसीपीएनडीटी, १९९४ चा, आणि २००३ पासून तो आणखी कडक झाला. आधी सेंटरची नोंदणी, मग मशीन. नोंदणी नसलेल्याला कंपनी मशीन विकूच शकत नाही. प्रत्येक गरोदर बाईमागे एफ फॉर्म, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल, सगळं रेकॉर्ड किमान दोन वर्षं जपायचं. एका जिल्ह्यात दोनच सेंटरवर तुला नाव लावता येईल. फॉर्ममधली एक रिकामी चौकट सेंटरला सील ठोकायला पुरते, आणि त्या वेळी गाळा कुणाच्या नावावर आहे ते कुणी विचारत नाही. नोंदणी तुझ्या नावाने, सही तुझी, कोर्टात उभं राहायचं तेही तुलाच. गावातला कोणी वजनदार माणूस "नुसतं बघून सांगा" म्हणत आला, तर त्याला दारातून परत पाठवायला घरचे तुझ्या मागे उभे राहणार आहेत का, हे उद्घाटनाच्या आधी जेवताना विचारून घे. सासऱ्यांचं उत्तर काय येतं त्यावर माझंही मत बदलेल.

तसंही सरकारी कॉलेजातून सुटलीस की बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष आहेच, आणि मेडिकल कौन्सिलकडे एमडीची नोंद करून घ्यायची आहे. तो वेळ मोकळा समजू नकोस. जागा निवडायला मिळाली तर कॅज्युअल्टी भरपूर असलेली आणि वर एक तरी सीनियर असलेली निवड. सही तुझी असेल, पण अडलं तर शेजारच्या खोलीत जाऊन "सर, एक मिनिट" म्हणता येईल. पहिल्या वर्षाला हीच अवस्था बरी. एकदम तालुक्याला एकटी बसलीस तर वर्षभरात एक तर प्रत्येक रिपोर्टवर "सीटी करावा" लिहायला लागशील, किंवा बेफिकीर होशील. दोन्ही पाहिलंय. फेलोशिप वगैरे नंतर, वहीत लाल शाई कुठे जास्त आहे ते बघून ठरव. मैत्रीण न्यूरो करते म्हणून न्यूरो, असं नको.

एआयचं फार मनावर घेऊ नकोस. जेफ्री हिंटन यांच्यासारखा एआयमधला मोठा माणूस २०१६ मध्ये म्हणाला होता, की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा. त्यानंतर तू प्रवेश घेतलास, थिसिस लिहिलास, आणि तुझ्या ओपीडीतली रांग जिथे होती तिथेच आहे. सॉफ्टवेअर गाठीवर चौकोन काढून देईल, आपल्यासारखं थकणार नाही, मला तर ती बरगडी तेव्हा कुणी चौकोनात दाखवली असती तर हवीच होती. पण चौकोनाखाली सही लागते.

मॉक व्हायवाचे सर तुझ्यावर चिडलेले नव्हते, हे जाता जाता सांगते. "वर्णन उत्तम" हे शब्द व्हायवात कुणी फुकट वाटत नाही. त्यांच्याकडेच जा, म्हणावं रोज एक फिल्म लावा, मी वीस सेकंदांत एकच निदान सांगेन, चूक असेल तर चूक म्हणा. नाही म्हणणार नाहीत.

आणि एक राहिलं. त्या एक्टोपिकच्या बाईचं पुढे काय झालं, ते पत्रात कुठेच नाही. तू उजवी ट्यूब म्हणाली होतीस की डावी? पोट उघडल्यावर तीच निघाली का? रक्त किती होतं? जिल्हा रुग्णालयाच्या ओटी रजिस्टरमध्ये सगळं लिहिलेलं असतं. गायनॅकच्या त्या डॉक्टरांचा नंबर तुझ्याकडे असेलच, रात्री अडीचला तूच लावला होतास. उद्या फोन कर, आणि वहीतली पहिली ओळ तीच लिही.